तळव्यावरचा वाघ

मंठ्यातल्या आमच्या शेजारीण सकीनाखाला नसत्या, तर मी तिरुपूरच्या सूतगिरणीत टिकले नसते. आज खोलीतल्या पोरीनं मेंदी भिजवली आणि त्या वासानं आठवीतून शाळा सोडून इकडं निघाले ती सकाळ आठवली.

खाला एक गोष्ट सांगायच्या. तिच्यातल्या पोरीच्या हाताच्या तळव्यावर वाघ गोंदलेला, म्हणून ती कुणाला भीत नसे.

"मलाबी गोंदा," त्या सकाळी मी रडत म्हणाले.

"आमच्यात गोंदत न्हाईत, बेटा. मेंदीचा काढते. रंग हाय तवर बिलकुल भ्यायचं न्हाई."

रंग टिकावा म्हणून मी उजवा हात पाण्यात घालीना, जेवायचेही डाव्यानं. गिरणीतल्या पोरी हसायच्या. तरी वाघ पुसला. पण तोवर गिरणी ओळखीची झाली होती. खालांना हे आधीच ठाऊक असणार.

आता त्यांची नजर गेलीय, घरातही चालायला भितात म्हणे. एक दिवस मंठ्याला जाऊन त्यांच्या तळव्यावर मी वाघ काढीन.