साडूचा बार आणि माझा ओला भराव

माझ्या साडूला खाणीत सगळे बारवाले म्हणतात. खडकाला भोकं पाडायची, दारू ठासायची, बार उडवायचा, की सगळी खाण वाहवा करते. मी भराववाला. खनिज काढल्यावर उरलेली पोकळी मी वाळू-सिमेंटच्या गाऱ्याने भरतो, म्हणून शेजारचं खनिज काढता येतं. पण भरलेल्या खड्ड्याचं कौतुक कुणाला? मी थोरला जावई असून सासूबाईसुद्धा चहा आधी त्याला देतात. जळतो मी त्याच्यावर, सरळ सांगतो.

मागच्या आठवड्यात माझ्या भरावाला लागूनच त्याचा बार होता. खडक उडाला की भराव उघडा पडणार, आणि तो भिंतीसारखा उभा राहायला हवा. पण आतून तो अजून ओला होता. ओल्या भरावाला हादरा बसला की तो ढासळून खनिजात मिसळतो. तसं झालं तर माझं मुकादमपण गेलंच.

बार भरण्याआधी तो विचारायला आला. "दादा, भराव धरलाय ना? नाहीतर साहेबांना सांगून काम थांबवतो."

याच्या शब्दाखातर साहेब थांबणार, माझ्या नाही! माझं डोकंच फिरलं. "पक्का आहे. उडव तुला हवा तेवढा," मी म्हणालो. दुसऱ्याला अपशकुन म्हणून आपलं नाक कापतात, ते हे असं.

भराव अडवणाऱ्या खालच्या बांधातून पाणी पाझरत होतं. त्याने त्यावर बोट फिरवलं आणि बार भरायला गेला.

एरवी बार उडाला की वर हजेरीच्या खोलीची फरशी एकदम थरथरते. त्या दिवशी बारके धक्के बसले, सुटे सुटे, एकामागून एक.

खाली गेलो तर भराव सरळ उभा. खडक मात्र निम्माच फुटलेला. माझ्या बाजूच्या भोकांत त्याने दारू अर्धीच भरली होती आणि भोकं एकेक करून उडवली होती.

साहेबांनी सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं. "अंदाज चुकला, साहेब," एवढंच तो म्हणाला. मग साहेबांनी माझी पाठ थोपटली. "भराव असा हवा."

वाटेत मी त्याला गाठलं. "खरं का सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं, दादा?" म्हणत तो पुढे चालू लागला.

आता तर मी जास्तच जळतो. आधी निदान चारचौघांत त्याला नावं तरी ठेवता येत होती.