मी आग्रहाने वाढलेला मासा

सुरतेच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचे ठोके दाखवले आणि आम्ही तिघीही रडलो. माझ्या मैत्रिणीला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते. त्याआधी दोनदा राहिलं होतं, पण तिसरा महिना काही सरला नव्हता. या खेपेला सरला. ती नंदुरबारला माझ्याच शाळेत शिकवते. गाडी चालवायला नवापूरकडची आमची डी.एड.ची मैत्रीण होती, आणि हुकूम सोडायला मी. ते खातं कायम माझ्याकडेच असतं.

बाहेर पडल्या पडल्या मी जाहीर केलं, आज थाळी-बिळी काही नाही, नवीन काहीतरी खायचं. समोरच पेरू देशातल्या जेवणाचं हॉटेल होतं आणि पाटीवर मासा काढलेला. मासा म्हणजे या बाईचा जीव की प्राण, आणि गेले दोन महिने तिला पाणीसुद्धा पचत नव्हतं. मग काय, घुसलो आत.

मी तापीकाठच्या गुजर घरातली. आमच्या ओट्यावर अंडंही चढत नाही. माझ्यासाठी बटाट्याचे थर आणि मक्याचे टपोरे दाणे आले. नवापूरकरणीने कोंबडी घेतली. मैत्रिणीचा मासा मी कार्डावरचं चित्र बघून मागवला. पांढरेशुभ्र तुकडे, कांदा, मिरची, वर आंबट रस. दोन घास खाऊन ती थांबली, पुरे म्हणाली. आता आमच्याकडे पाहुणा पुरे म्हणाला की वाढणारीला खरा चेव येतो. तो ताटावर आडवा हात धरतो आणि आपण बोटांच्या फटीतून वाढतो. नाही वाढलं तर चार घरी नाव निघतं. मी चमचा उचलला. आता दोघांसाठी खायचंय, नखरे करू नकोस, असं दटावत तिला सगळी वाटी संपवायला लावली. तिने निमूट खाल्लं.

ती हात धुवायला गेली तेव्हा नवापूरकरणीने वेटरला विचारलं, हे शिजवता कसं? त्यांच्याकडे उकईच्या धरणाचे मासे येतात, तिला घरी करून बघायचं होतं. तो कौतुकाने सांगायला लागला, शिजवतच नाही, मॅडम. कच्चा मासा लिंबाच्या रसात ठेवतो, आंबटाने तो पांढरा होतो.

मासा पांढरा म्हणजे शिजलेला, एवढीच माझी अक्कल. पोटुशीला कच्चं काही द्यायचं नाही हे मी गल्लीभर सांगत फिरते, आणि इथे माझ्याच हाताने भरवून बसले होते. नवापूरकरीण म्हणाली, मी जन्मभर मासे खाते, मला विचारायचं तरी. खरंच होतं. मैत्रिणीला सांगायचं नाही, उगीच घाबरेल, असं आमचं ठरलं.

परतीच्या वाटेवर व्यारा गेलं, सोनगड गेलं. मी आरशातून मागे तिच्याकडेच बघत होते. तिने पोटावर हात ठेवला, डोळे मिटले की वाटायचं, कळा येतायत. दोनदा गेलेलं आठवत होतं. तिसऱ्यांदा माझ्यामुळे गेलं तर? या बाईला तोंड कसं दाखवणार होते मी? नवापूरला चहासाठी थांबलो तेव्हा टपरीमागे जाऊन मी दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं की मॅडम पेशंट बघतायत, थोड्या वेळाने फोन करतील, आणि पेशंटला ताप किंवा उलटी आहे का ते विचारून ठेवा. आता विचारणं भागच होतं.

विसरवाडीच्या अलीकडे मी मागे वळले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"माले म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "कच्चा मासा मी नही वळखाव का?"

मी भडकले. मग गिळलास कशाला, वेडी आहेस का, असं बरंच बोलले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"अकरा वरीसमा माले कोनी आग्रह करीसन वाढं नही. ओटीभरणं ऱ्हास, तठे माले पंगतमा बी बसाडतंस नही. आज तू वाढी ऱ्हायनी व्हती, माले नही म्हनाले जीव नही झाया."

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बहुतेक काही होणार नाही, पण आठवडाभर लक्ष ठेवा, ताप आला तर लगेच या.

ते सात दिवस मी रोज सकाळी शाळेआधी थर्मामीटर घेऊन तिच्या दारात. तिच्या सासूबाईंना वाटलं, माझं डोकं फिरलंय. ताप आला नाही. पुढे सातव्या महिन्यात ती शाळेत माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, पहिली ओटी तूच भरायची, दुसरं कोणी नको.

मी हो म्हटलं. सात वर्षांपूर्वी माझ्या ओटीभरणाला ती पहाटेपासून राबली होती. पंगत बसायच्या वेळी, हिला आत स्वयंपाकघरातच राहू दे, उगीच नजर लागायला नको, असं मीच आईच्या कानात सांगितलं होतं. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.