जोगेश्वरीतली कंदिलाची दुपार

जोगेश्वरीला उतरलो तेव्हा खिशात औषधाची बाटली होती. ती फुटू नये म्हणून मी एक हात खिशातच ठेवला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुटीच्या दिवशी एका दवाखान्यात रुग्णांना डोळ्यांत थेंब घालायला शिकवतो. इथल्या दाजींना काचबिंदू होता. त्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची. पण महिन्याची बाटली चार दिवसांतच संपत आली, नवी पाठवा, असा त्यांच्या घरून निरोप आला होता.

"सांडतात की पितात, बघून ये," डॉक्टर म्हणाले होते.

ताडाची झाडं आणि म्हशींचे तबेले ओलांडून एका वखारीत मी पत्ता विचारला.

"दाजी? भर दुपारी कंदील जळतोय ते घर. काय चाललंय देव जाणे!"

कंदील खरंच जळत होता. दाजींची बायको, काकू, सुपाला नाक टेकवून तांदूळ निवडत होत्या. जावई सदऱ्याची गुंडी शोधत होते. शेजारीण दाराऐवजी भिंतीकडे निघाली होती. मी जवळ जाऊन पाहिलं, तर सगळ्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक!

"तुम्ही सगळ्यांनी थेंब घातले?"

"मगे? औषध घातला की ह्यांका काळोख दिसता. डोळे गेले म्हणान भियाले, बाटलीक हात लावीनात," काकू म्हणाल्या. "आमी म्हटला, आमी पण घालतो. सगळ्यांकच काळोख, मग भिया (भीती) कसला?"

मी खाटेवर बसलेल्या दाजींना घाईघाईनं सांगितलं, "दाजी, या औषधानं बाहुली बारीक होते, म्हणून अंधुक दिसतं. पण थेंब थांबवलेत तर उरलेली नजरही जाईल. आणि बाटली एकट्या तुमची आहे."

"ही घरची माणसा. माझ्यासाठी खोटा बोलतीत," दाजी म्हणाले. "झिला (पोरा), तू परको. तुझ्या डोळ्यात घालतंय."

नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. खिशातली नवी बाटली त्यांच्या हाती देऊन मी आडवा झालो. "खालची पापणी ओढा. बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका. एकच थेंब." पहिला नाकावर पडला, दुसरा कानात. तिसरा डोळ्यात. दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत.

"आता नाकाजवळचा कोपरा दाबून धरा."

दाजींनी माझं नाक दाबलं.

मग सगळं घर माझ्याभोवती बसून राहिलं. काकूंनी घावन (तांदळाची जाळीदार धिरडी) वाढले. दुसरा घावन संपेपर्यंत भुवई ठणकू लागली आणि ताटली काळवंडली.

"दिसता काय रे?"

"अंधार झालाय, दाजी."

"खराच?"

"खरंच. डोकंही दुखतंय."

दाजी खो खो हसले. "ह्याचे तर तरणे डोळे!" मग स्वतःच पापणी ओढून त्यांनी नेमका एक थेंब घातला, आणि बाटली कनवटीला खोचली. "आता कोणाक देवचंय नाय (देणार नाही)."

परतताना लख्ख उन्हात मी एका म्हशीला "जरा सरकता का, काका?" असं विचारलं. ती सरकली नाही. स्टेशनाच्या बाकावर बसलो, तेव्हा दवाखान्यातले चेहरे आठवले. थेंब घातल्यावर अंधुक दिसतं, असं त्यांतल्या कितीतरी जणांनी मला सांगितलं होतं. "घाबरू नका" एवढंच म्हणून मी पुढच्याला हाक मारली होती. त्यांतले किती जण घरी जाऊन, एकट्यानंच, बाटली फळीवर ठेवून मोकळे झाले असतील?