बर्फात मुरलेली साके

नागपूर विमानतळावर आई माझा हात सोडत नव्हती आणि बाबा तिच्यावर चिडत होते. “जाऊ दे तिला! नेहा अमेरिकेत सेटल झाली, हे मला चार लोकांत सांगायचंय.” मी आत जाऊन वळून पाहिलं, तर ते आईला घेऊन पार्किंगकडे निघालेसुद्धा होते.

अमेरिकेत पहिली नोकरी शॉमबर्ग नावाच्या गावात होती; तिथं मला शिरीष भेटला. पुण्याचा, ऑफिसात माझ्याच टीममधला. बर्फात गाडी चालवायला त्यानंच शिकवलं. दर रविवारी तो माझ्याकडे पिठलं-भात खायला यायचा. दोन हजार पाचच्या हिवाळ्यात त्यानं माझं सगळं काम समजून घेतलं. “बॅकअप म्हणून, यार. तू सुट्टीवर गेलीस तर?” मी मन लावून शिकवलं.

प्रोजेक्टचा पहिला टप्पा संपला तेव्हा आमच्या मॅनेजरनं, ग्रेगनं, टीमला शनिवारी दुपारी एका जपानी रेस्टॉरंटमध्ये साके, म्हणजे तिकडची तांदळाची दारू, टेस्ट करायला नेलं. शेवटची बाटली त्यानं जपून उघडली. जपानच्या बर्फाळ भागात बर्फानं भरलेल्या कोठारात ही साके महिनोन्महिने मुरवतात, थंडीनं तिचा तिखटपणा जातो, असं तो सांगत होता. मी आयुष्यात दारूला शिवले नव्हते. भीतभीत घोट घेतला. आधी नुसतं गार पाणी वाटलं, मग पिकलेल्या नासपतीचा वास आला, मागून भाताची गोडी. घसा जराही जळला नाही. मला ती आवडली.

ग्रेगनं कप उचलला. “नेहासाठी! सोमवारपासून तुझं काम शिरीष बघेल. वुई विल मिस यू.”

माझा चेहरा पाहून ग्रेग शिरीषकडे वळला. “तू तिला सांगणार होतास ना?”

शिरीष मला मराठीत म्हणाला, “तुझा मूड कशाला घालवायचा म्हणून थांबलो. आता टेस्ट तरी पूर्ण कर. ही परत कुठे मिळणार तुला?”

घरी सोडताना त्यानं आणखी एक विचारलं, “गाडी विकणार असशील तर आधी मला सांगशील?”

नोकरीबरोबर व्हिसाही जाणार होता. मी नागपूरला फोन केला, येते म्हणाले. आईचा हुंदका ऐकू आला, पण फोन बाबांनी घेतला. “इतक्यात येऊ नकोस. लोकांना काय सांगू मी?”

धावपळ करून अमेरिकेतच, दूरच्या श्रूजबरी गावातल्या एका लहान कंपनीत काम मिळवलं. शिरीषचा फोन पुन्हा कधी आला नाही. तीन वर्षं झाली. मध्ये दोनदा नागपूरला गेले. दोन्ही वेळा मी चपला काढत असतानाच बाबांनी विचारलं, “परतीचं तिकीट कधीचं आहे?”

श्रूजबरीच्या अपार्टमेंटमध्ये मला हे कुणी विचारत नाही. विचारायला तिथं कुणी नाहीच. तरी फक्त फॉर्मवरच्या पत्त्यापुरतंच नाही, मनातल्या मनातसुद्धा, आता मी त्यालाच घर म्हणते.