खोललेली जीप

गॅरेजात दोन गोष्टी साचतात, काळं ऑइल आणि किस्से. ऑइल मागायला निदान कुणीतरी डबा घेऊन येतं. किस्से मात्र आमच्याच गळ्यात! लातूरला ख्वाजा मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकड्यावर मी इतकी वर्षं काढली, की माझ्याकडे ते पोत्याने पडलेत. त्यातले माझ्या जीपचे तेवढे सांगतो. हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही.

जीप भूकंपानंतरची. किल्लारीकडे घरं बांधायला बाहेरगावची एक संस्था आली होती. घरं झाली, संस्था गेली, जीप मी घेतली. लातूर-अहमदपूर-नांदेड अशी काळीपिवळी चालवून तिचं मीटर दोनदा पुन्हा शून्यावर आलं आणि तिसऱ्यांदा बंदच पडलं. पुढे पुढे ती इतका धूर सोडायला लागली, की मागची एस.टी. भर दुपारी दिवे लावून यायची!

त्यात लातुरात क्लासचं पीक आलं. केमिस्ट्रीच्या एका सरांना हॉस्टेलच्या मुली ने-आण करायला पंधरा जूनपासून बंद पांढरी व्हॅन हवी होती. नांदेडचा जुन्या गाड्यांचा एक शेठ माझी जीप घेऊन व्हॅन द्यायला तयार होता. गाडी क्लासला लागली की घर चालणार, नाही लागली तर आमचे काळीपिवळीचे दिवस भरलेच होते. प्रश्न एवढाच, की जीप देण्याआधी इंजिनचं काम करायचं, का आहे तशीच शेठच्या गळ्यात मारायची?

*

सोपं वाटतं ना? पण आमच्या धंद्यात ‘खोललेलं’ हा शब्द फार वाईट. ज्या इंजिनला मिस्त्रीचा पाना लागला नाही ते ‘कंपनीचं’. एकदा उघडून दुरुस्त केलं की ‘खोललेलं’, मग ते कितीही झकास चालू द्या.

जळकोटचे एक गुरुजी जुनी गाडी बघायला आले होते. ‘खोललेली घेऊ नका’ एवढं कुणीतरी पढवून पाठवलेलं. मिस्त्री ऑइल बघायला बॉनेट उचलणार, तोच गुरुजी ओरडले, “हात लावू नका! माझ्यादेखत खोलताय?”

मिस्त्रीने परोपरीने समजावलं. गुरुजी ऐकेनात. बॉनेट बंद ठेवूनच गाडी घेऊन गेले! आठ दिवसांनी माणसं लावून ढकलत आणली.

मिस्त्री म्हणाला, “आता तरी खोलू का, गुरुजी?”

*

अहमदपूरच्या स्टँडवर एकदा जीप भरली. पुढे एक म्हातारी बसली होती, किल्लारीकडची. मी सेल्फ मारला. इंजिनचे रबर गेलेले, त्यामुळे गाडी सुरू झाली की बॉडीसकट थरथरायची.

म्हातारी ओरडली, “हाललं! हाललं! भाईर पळा रे!”

आणि खरंच उडी टाकून पळाली. तिच्या मागे अजून चौघं उतरले! आम्ही ड्रायव्हर लोक पोट धरून हसलो. मी हाक मारली, “मावशे, भूकंप न्हाई, माजी जीप हाय!”

ती परत बसली नाही. पायीच निघाली. तिच्या घरातली ती एकटीच उरली होती, हे दुसऱ्या एका पॅसेंजरने नंतर सांगितलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

*

मुरुडचा बालाजी आमच्यातलाच काळीपिवळीवाला. त्याचा सल्ला होता, “खोलू नगंस. जाड ऑइल टाक, धूर गप व्हतोय. म्या तसंच केलतं.”

केलं होतं खरं. त्याच शेठला द्यायची म्हणून त्याची जीप नांदेडपर्यंत बिनधुराची गेली. पण शेठ जेवत होता. दोन तास गाडी थंडीत उभी राहिली आणि ते जाड ऑइल आत गोठल्यासारखं झालं. सेल्फ नुसता कण्हायला लागला. बालाजीने शेठलाच मागून ढकलायला लावलं!

शेठ धापा टाकत म्हणाला, “घ्यायच्या आधीच ढकलून राहिलो, घेतल्यावर काय करू बे?”

*

केमिस्ट्रीच्या सरांना मी माझी अडचण सांगितली, दोन दिवस मागेपुढे चालेल का म्हणून विचारलं. सर म्हणाले, “हे बघा, पर्याय अ, इंजिन करा. पर्याय ब, करू नका. तुम्ही ‘विचार करतोय’ असं लिहिताय. त्याला मार्क नाहीत.”

“सर, पण...”

“पंधरा तारीख. पेपर काढून घेतला जाईल.”

*

शेवटी मिस्त्रीच चिडला. “दिलीपभाऊ, इतकी वर्सं मान्सं वाह्यली तिनं. असं खोकतच घालवनार व्हय?”

मला ते लागलं. म्हटलं, खोल. मिस्त्री म्हणाला, “सात दिवसांचं काम. फिकर करू नको.”

गॅरेजच्या भिंतीला लागून नवं हॉस्टेल झालं होतं, मुलींचं. मिस्त्रीने हातोडा मारला की वरची खिडकी उघडायची. “अंकल, टेस्ट आहे!”

मिस्त्री स्वतः चौथीत शाळा सोडलेला. अभ्यासाचं नाव काढलं की त्याचे हात जोडले जायचे. त्याने हातोड्याला चिंध्या गुंडाळल्या. मग मुली क्लासला गेल्यावरच ठोकायचं असं ठरवलं. मुली क्लासला जाणार दोन तास! सात दिवसांचं काम एकोणीस दिवस चाललं. मी आरडाओरडा केला तर मलाच म्हणाला, “हळू बोल. लेकरं शिकायलेत.”

ती लेकरं त्याच सरांची. माझी व्हॅन ज्यांना नेणार होती, त्याच या मुली!

*

इंजिन मात्र असं झालं, की नांदेडपर्यंत मी रेडिओ ऐकत गेलो. शेठने एक फेरी मारली आणि विचारलं, “खोललं का?”

खोटं बोलायला हवं होतं. पण मिस्त्रीच्या कामाचा अभिमान आडवा आला. म्हटलं, “पूर्ण नवं केलंय.”

“म्हंजे खोललेली हाय.” शेठने भाव पाडला.

“आन् न खोलता आणली असती तर?”

“मंग म्हनलो असतो, खोलावं लागतंय!”

पदरचे घालून व्हॅन घेतली. बावीस जूनला ती लातुरात आली, तोवर सरांनी आपल्या मेहुण्याची गाडी लावली होती.

*

व्हॅन वर्षभर दारात उभी. लग्नसराईत काय हलेल तेवढी. शेठने माझी जीप तोडून सुटी सुटी विकल्याचं बालाजीकडून कळलं. पुढच्या मे महिन्यात बायकोने मला धुतलेला शर्ट घातला आणि पुन्हा सरांकडे पाठवलं.

सर म्हणाले, “व्हॅनचं यंदाही जमणार नाही. पण बरे आलात. लाईट सारखी जाते, म्हणून नांदेडहून एक इंजिन आणून जनरेटर जोडलाय. तुम्हाला त्यातलं कळतं ना? सुरू करायला, सांभाळायला माणूस हवाय.”

मागच्या बोळात नेलं. जाळीच्या पिंजऱ्यात इंजिन सिमेंटमध्ये बोल्ट ठोकून पक्कं बसवलेलं. वरच्या झाकणाला एक नट सायकलचा होता. जीप खोलली तेव्हा मिस्त्रीच्या शेडमध्ये नेमका नट मिळेना, म्हणून तो मीच बसवला होता.

मी सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात सुरू झालं. धुराचा पत्ता नाही. वर तीन मजल्यांवर पंखे फिरायला लागले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“उद्यापासून या,” सर म्हणाले.

घरी गेलो तर बायको दारातच उभी. “काय झालं? लागली का गाडी क्लासला?”

म्हटलं, “लागली.”