तारेने बांधलेली नंबरप्लेट

सहादूला निवांत बसलेलं फार थोड्यांनी पाहिलं होतं. आरटीओ कचेरीच्या कुंपणालगत त्याची जागा होती. एक लाकडी खोकं, वर ताडपत्री, आणि ऐरण म्हणून रेल्वेरुळाचा एक तुकडा. तिथे तो गाड्यांच्या नंबरप्लेटी कापायचा आणि बसवून द्यायचा. हातात काम असलं की बसायचा. काम संपलं की रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची पाठ बघत राहायचा. एखादी प्लेट थरथरताना दिसली की त्याचा हात पान्याकडे जाई. एकदा पंचवटीच्या पुलावरच्या गर्दीत अडकलेल्या एका अनोळखी स्कूटरचा ढिला बोल्ट त्याने वाकून पिळला, तर स्कूटरवाल्याने त्याला चोर समजून शिवी हासडली. सहादूने ती ऐकली आणि बोल्ट पुरता पिळूनच तो सरळ उभा राहिला.

शेजारी झुंबर पेंटर बसायचा. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं काढायची, एवढंच त्याचं काम. तो जागचा हलत नसे. पान, बिडी, चहा सगळं त्याच्याकडे चालत येई.

"तुला मुंग्या चावतात का रं?" तो सहादूला विचारायचा. "बघावं तेव्हा उभा."

सहादू हसून सोडून द्यायचा. झुंबरला कारण ठाऊक होतं.

पूर्वी सहादू सातपूरच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होता. ताज्या कापलेल्या पत्र्याची कड एके दिवशी त्याच्या डाव्या तळव्यातून गेली. त्याने जखमेत हळद दाबली, चिंधी गुंडाळली आणि पाळी पुरी केली. हात सुजला तेव्हा तो दवाखान्यात गेला, पण डॉक्टर म्हणाले, आता फार उशीर झाला. त्या हाताची दोन बोटं पुन्हा मुठीत आली नाहीत. कारखान्याने त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून तो या कुंपणापाशी होता.

कायद्याला काय हवं ते त्याला पाठ होतं. प्लेट पत्र्याची असावी, घट्ट बसवलेली असावी, उभी आणि सरळ असावी, मागच्या दिव्याच्या उजेडात आकडे दिसावेत. हलता नंबर हा नंबर नव्हेच, असं एक साहेब म्हणायचे, ते त्याला पटलेलं होतं. कडेबद्दल मात्र कोणी साहेब कधी बोलले नव्हते. त्याबद्दल सहादूच बोलायचा. प्लेट कापली की आधी तो चारी कडा आत मुडपायचा, लाकडी हातोडीने ठोकून बसवायचा, आणि मग त्यांवरून उजव्या हाताचा अंगठा फिरवायचा. अंगठा न अडता फिरला की प्लेट झुंबरकडे जाई.

त्र्याऐंशी सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे राहून गेलं.

त्या दिवशी कुंपणापाशी जत्रा भरल्यासारखी गर्दी असते. दसऱ्याला पूजा व्हायची म्हणून जो तो नवी गाडी घेऊन आलेला. दुपारपर्यंत सहादूकडचा जाड पत्रा संपला. मग त्याने तेलाच्या डब्याचा पातळ पत्रा काढला. संध्याकाळी केरू आला. हा मखमलाबादच्या अंगाचा शेतकरी. चार म्हशी होत्या, दूध पंचवटीत घालायचा. त्याने नवी राजदूत मोटरसायकल घेतली होती आणि तिच्या मागे दुधाच्या कॅनसाठी लोखंडी स्टँडही बसवून घेतला होता. स्टँडमुळे प्लेटची मूळची भोकं झाकली गेली होती. स्टँडच्या मागच्या पट्टीला नवी भोकं पाडणं भाग होतं.

सहादूने बरमा उचलला तशी केरूने गाडीवर हात आडवा धरला.

"आज नाय, मिस्तरी. पूजा व्हायच्या आधी गाडीच्या अंगाला बरमा लावायचा नाय. माझी आई जेवायची नाय."

"स्टँडच्या पट्टीला पाडतोय. गाडीला नाही."

"स्टँड गाडीचाच ना? तारेनं बांधा. उद्या नारळ फुटला की परवा सकाळी तुमच्या दारात उभा."

खेड्यातली पुष्कळ माणसं असंच म्हणायची आणि पूजेनंतर येऊन बोल्ट मारून घ्यायची. सहादूने तार पिळली. मागे अजून माणसं उभी होती. परवा येणारच आहे, तेव्हा प्लेट काढूनच बोल्ट मारायचे, तेव्हाच कडाही मुडपू, असं त्याने मनाशी ठरवलं. ओला रंग सांभाळत केरू निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नाशिक रोडच्या वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून विहारात जमली. सहादू मागच्या ओळीत होता. वंदना संपेपर्यंत तो दोनदा बाहेर जाऊन आला.

"काय बिघडलंय?" घरी येताना त्याच्या बायकोने, यशोदाबाईने विचारलं. त्याने सांगितलं.

"अहो, आपण ते मुहूर्तबिहूर्त सोडून किती वर्षं झाली," ती म्हणाली. "आणि दुसऱ्याच्या मुहूर्तापायी तुम्ही तार बांधून आलात. छान."

"गिऱ्हाईक आहे ते. त्याच्या घरचं तो बघेल."

"मग बघू दे की. तुम्ही का येरझाऱ्या घालताय?"

याचं उत्तर त्याच्या डाव्या हातात होतं आणि तिलाही ते दिसत होतं.

केरू दसऱ्यानंतर आला नाही. पुढच्या दोनतीन दिवसांतही आला नाही. सहादू काम करताना थांबायचा, कान द्यायचा. राजदूतचा आवाज लांबूनच कळतो. तो आला की हा उठायचा, गाडी पुढे निघून गेली की खाली बसायचा.

"ती गाडी काय सासरी गेलेली लेक हाय व्हय तुझी?" झुंबर म्हणाला. "येईल दिवाळीला, बस."

"तू स्टँड बघितला होतास ना?"

"बघितला. मग?"

"कॅन मागून उतरवतात. हात कुठं जातो?"

झुंबरने हवेतच कॅन धरल्यासारखे हात केले. उजवा हात बरोबर प्लेटच्या कडेशी गेला आणि तिथे क्षणभर राहिला. मग त्याने ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला.

त्यानंतर सहादू रोज पहाटेच्या बसने पंचवटीत जाऊ लागला. खांद्याला पिशवी, पिशवीत बरमा, नटबोल्ट आणि लाकडी हातोडी. भाजीबाजारात मेथीच्या जुड्या उतरत असत, देवळांच्या गल्ल्यांतून ओल्या धोतरांची माणसं जात, आणि हा प्रत्येक राजदूतच्या मागे जाऊन वाकून बघत असे. केरूच्या प्लेटचे आकडे त्याला पाठ होते. एका दुधवाल्याने त्याला हटकलं.

"पोलिसातला हाय का तू?"

"नाही. प्लेट बसवणारा."

"मग धंदा शोधतोय म्हण की."

सहादूने केरूचं वर्णन केलं. दुधवाल्याने खांदे उडवले, मग जरा आठवून म्हणाला, "केरू व्हय? तो गंगेच्या अंगाच्या हॉटेलात दूध घालतो. पण हल्ली उशिरा येतो. बायकोचा हात दुखावलाय म्हणं, धारा त्यालाच काढाव्या लागत्यात."

सहादूला ते गोदावरीकाठचं हॉटेल ठाऊक होतं. तरी तो दोनदा चुकीच्या गल्लीत शिरला.

राजदूत हॉटेलच्या पायरीशी उभी होती. हँडलला दसऱ्याचा वाळलेला झेंडू, पुढच्या चाकावर हळदीकुंकवाचे डाग. मागच्या पट्टीला नुसती तारेची दोन टोकं लोंबत होती. केरू कॅन उतरवत होता. बाजूला त्याची बायको कुसाबाई उभी होती, एका हाताने झाकण धरून. दुसरा हात पदराखाली होता.

"आलात?" केरू म्हणाला. "तुमचीच आठवण काढत होतो दोनतीन दिवसांपासनं. तुमची प्लेट एका अंगानं सुटली, लोंबायला लागली. हिनं कॅन काढायला हात घातला आन् कापून घेतला. वर हवालदारानं अडवलं, नंबर कुठाय म्हणून. प्लेट पिशवीत हाय म्हटलं तर म्हणे, पिशवी चालवतो का रस्त्यावर?"

"हात बघू," सहादू म्हणाला.

केरूला वाटलं, आपलं बोलणं याच्या कानात गेलंच नाही. कुसाबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि हात बाहेर काढला. तळवा जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला होता. चिंधीला हळद लागलेली होती आणि मनगटाच्या वर सूज चढली होती.

"ताई, मूठ करा."

तिने बोटं वळवली. अंगठा आला, पुढची दोन बोटं आली, चौथं अर्धवट आलं. करंगळी बाहेरच राहिली. तिने पुन्हा जोर लावला. तिच्या कपाळावर घाम आला, पण करंगळी आत गेली नाही.

सहादूने आपला डावा हात तिच्या हाताशेजारी धरला आणि मूठ केली. दोन बोटं सरळ राहिली. केरूने एकदा हा हात पाहिला, एकदा तो.

"मीही हळदच भरली होती," सहादू म्हणाला. "त्या प्लेटची कड मी मुडपली नव्हती. घाई होती. चूक माझी. पण आता उभे राहू नका. सिव्हिलला चला. आत्ता."

"अजून तीन ठिकाणी दूध घालायचंय."

"दूध नासलं तर उद्या पुन्हा निघेल."

केरू हॉटेलात जाऊन कॅन ठेवून आला. तो बायकोला गाडीवर घेऊन पुढे गेला. सहादू मागून रिक्षाने गेला.

दवाखान्यात रांग होती. कुसाबाई आत गेल्यावर केरू बाकावर बसला. सहादू उभाच होता. भिंतीपर्यंत जायचा, परत यायचा. केरूने एकदा सरकून त्याच्यासाठी जागा केली, तरी तो बसला नाही. केरूने म्हशींबद्दल एक वाक्य काढलं आणि ते मध्येच सोडलं.

डॉक्टर बाहेर आले ते हात पुसत. जखमेत पू झाला होता, तो काढला. करंगळीची शीर थोडी चिरली होती, तुटली नव्हती. "पट्टीला रोज आणा. बोट येईल हळूहळू," ते म्हणाले. "अजून चार दिवस घरी ठेवलं असतं तर मी असं म्हणालो नसतो."

तेव्हा सहादू बाकावर बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की पिशवी सकाळपासून खांद्यावरच होती आणि पट्ट्याने खांदा सोलला होता.

बाहेर आवारात कडुनिंबाखाली गाडी उभी होती. सहादूने केरूकडून प्लेट मागून घेतली, फरशीच्या कडेवर ठेवून हातोडीने तिच्या चारी कडा आत मुडपल्या. एका कोपऱ्यात रंग तडकला. त्याने अंगठा फिरवला, पुन्हा ठोकलं, पुन्हा फिरवला. पत्रा पातळच होता, त्याला तो काही करू शकत नव्हता.

"ही तात्पुरती," तो म्हणाला. "जाड पत्र्याची करून ठेवतो. पण बोल्ट आज मारू द्या."

केरूने मान खाजवली. "आज शनिवार हाय, मिस्तरी. लोखंडाला भोक पाडत नायत."

कुसाबाई पांढऱ्या पट्टीचा हात छातीशी धरून झाडाला टेकली होती.

"पाडू द्या भोक," ती म्हणाली. "माझ्या हाताला पडलं तवा कोणी पंचांग बघितलं व्हतं?"

"आईला काय सांगू?"

"मी सांगते आत्याबाईंना. तुम्ही प्लेट धरा. आन् सरळ धरा, वाकडी झाली तर तो हवालदार पुन्हा पिशवी विचारील."

केरूने गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी प्लेट पट्टीला लावून धरली. सहादूने मागच्या दिव्याकडे पाहिलं आणि प्लेट बोटभर वर घ्यायला सांगितली. मग त्याने बरम्याचं टोक पट्टीवर टेकवलं आणि मूठ फिरवायला लागला.