पाच स्टार बाजूला ठेवणाऱ्या हेमलताताई

हेमलताताईंची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. पुण्यातली नोकरी सोडून मी गोंदियाला, आईवडिलांजवळ परत आलो होतो. स्टेशनजवळच्या एका कापड दुकानाच्या वर आमच्या कंपनीचं ऑफिस आहे, तिथं घामाघूम होऊन पोचलो. फायलीत पुण्यातली सगळी कामं नीट लावून आणली होती. ताईंनी फाईल उघडलीच नाही. ऑफिस शोधताना कोणाकोणाला विचारावं लागलं, एवढंच त्यांनी विचारलं. ऑटोवाल्याला, मग पानठेल्यावर आणि शेवटी खालच्या दुकानात, असं मी सांगितलं. त्यांनी लगेच संचालकांना हाक मारून सांगितलं की आपला बोर्ड जिन्याच्या आत आहे, तो रस्त्यावर लावा. दुसऱ्या दिवशी बोर्ड बाहेर आला आणि मला नोकरीही लागली. माझी निवड कशाच्या जोरावर झाली, हे मात्र त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

ताईंचं माहेर तिरोड्याकडचं, बोदलकसा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. नागपुरात बरीच वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करून त्या गोंदियाला आल्या. आमच्याकडे त्यांचं काम असं: आपण बनवलेलं ॲप माणसं कशी वापरतात, कुठं अडतात, कुठं वैतागून सोडून देतात ते मोजायचं, आणि त्यावरून ॲपमध्ये काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण मोजून हाती आलेली गोष्ट पैसे देणाऱ्यांच्या गळी उतरवायची असते, आणि ते पैसे देणारे गोंदियाचे राइस मिलवाले असतात. त्यांच्यापुढे बोलायला किती धीर लागतो, हे त्या बैठकीत बसलेल्यालाच कळेल.

ताईंची नजर सुट्टीच्या दिवशीही सुट्टी घेत नाही. एकदा आम्ही सगळे नागऱ्याच्या शिवमंदिरात गेलो होतो. आम्ही दर्शन घेऊन आलो तरी ताई बाहेरच उभ्या. चपलांचा स्टँड एका बाजूला होता आणि चपलांचा ढीग भलतीकडेच पडला होता. माणसं जिथून आत शिरतात तिथंच चपला काढणार, हे त्यांनी आम्हाला इतक्या तन्मयतेनं समजावलं की पुजारीसुद्धा ऐकत थांबले. शेवटी पुजाऱ्यांनीच त्यांना हात धरून आत नेलं.

आमच्या टीममध्ये पौर्णिमा नावाची मुलगी आली. कामात हुशार, पण बैठकीत तोंड उघडत नसे. घरी पोवारी बोलणारी ती, मराठी बोलताना आपलं हसं होईल अशी तिला भीती. ताईंनी तिला धीर देणारं भाषण केलं नाही. पुढच्या बैठकीत त्या स्वतःच तिच्याशी पोवारीत बोलू लागल्या आणि न कळणाऱ्यांनी मधे थांबवून अर्थ विचारायचा, असा नियम केला. आम्ही विचारत राहिलो, पौर्णिमा सांगत राहिली. आज ती इतकी बोलते की तिला थांबवायलाही ताईच लागतात.

पण ज्या प्रसंगामुळे आम्ही सगळे आज ताईंचे ऋणी आहोत तो वेगळा आहे. आसपासच्या काही राइस मिलवाल्यांनी मिळून आमच्याकडून एक ॲप बनवून घेतलं होतं. शेतकऱ्यानं मोबाईलवर नंबर लावायचा, धान आणायचा दिवस त्याला मिळणार, म्हणजे मिलच्या गेटवर गर्दी होणार नाही, अशी कल्पना. नंबर लावून झाला की ॲप विचारायचं, कसं वाटलं, किती स्टार द्याल? हे स्टार ॲपमध्ये ताईंनीच घातले होते. आणि ते धो धो येऊ लागले, बहुतेक सगळे पाच. करार नव्यानं करायची वेळ जवळ आली होती. तो झाला नसता तर गोंदियाचं ऑफिस बंद झालं असतं आणि आम्हा सगळ्यांना पुन्हा नागपूर-पुण्याची गाडी धरावी लागली असती. संचालक निर्धास्त होते. स्टार दाखवायचे, चहा-कचोरी खायची, सह्या घ्यायच्या, एवढंच काम उरलं होतं.

ताईंना मात्र एक गोष्ट सलत होती. लोक इतके खूश असतील तर हरिकिशनसेठ रोज फोनवर गेटच्या गर्दीचं रडगाणं का गातात? हे सेठ म्हणजे मिलवाल्यांचे म्होरके. ताई पौर्णिमेला आणि मला घेऊन त्यांच्या मिलच्या गेटवर जाऊन बसल्या. येणाऱ्या प्रत्येकाला दोनच प्रश्न: नंबर स्वतः लावला का, आणि आज तुमचाच दिवस आहे का? निम्म्याहून जास्त लोक भलत्याच दिवशी आले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेल्या एका काकूंना ताईंनी कारण विचारलं. काकू म्हणाल्या, "ट्रॉली चौघाइची मिळून एकच हाय बाई. नंबर भेटले चार दिवसाचे चार. मंग चारदा कायले येऊ?"

आमच्याकडे तीन-चार घरं मिळून एक ट्रॉली करतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. आमची स्वतःचीच घरं असंच धान आणतात. पण ॲप बनवताना आम्ही पुण्या-नागपूरसारखा विचार केला, एक माणूस म्हणजे एक नंबर. आणि स्टारांचं काय? बहुतेक लोक गावातल्या ऑनलाइन सेंटरवाल्याकडून नंबर लावून घेत होते. तोच सगळ्यांच्या वतीनं पाच स्टार दाबत होता. आम्ही विचारायला गेलो तर वर मोठ्या अभिमानानं त्यानं सांगितलं की मी कुणालाही कमी देत नाही, सगळ्यांना सारखं.

संचालकांनी ताईंना विनवलं की हे सगळं करार झाल्यावर बघू. मीही मनातून तेच म्हणत होतो. ताई म्हणाल्या की स्टार मी घातले, ते खोटे निघाले हेही मीच सांगणार.

कराराच्या बैठकीत ताईंनी सुरुवातीला ॲपचं नावसुद्धा काढलं नाही. त्यांनी सेठजींना विचारलं की सकाळी तुमची मिल रिकामी का असते आणि दुपारी गेटवर भांडणं का होतात. सेठजींनी शेतकऱ्यांना दोन शब्द सुनावले. मग ताईंनी गेटवरची मोजणी पुढे ठेवली आणि शांतपणे सांगितलं की तुमची मिल ज्यांची वाट बघत असते, ते लोक शेजाऱ्याच्या ट्रॉलीची वाट बघत असतात. स्टार त्यांनी बाजूला ठेवले आणि ते का बाजूला ठेवले तेही सांगितलं. आमच्या संचालकांनी कचोरी खाली ठेवली.

सेठजी म्हणाले, "मैडम, ऐप आपका, और बुराई भी आप ही कर रही हैं?"

"हमारा है, इसीलिए कर रही हूँ सेठजी. हमें एक सीज़न दीजिए. फिर भी लोग गलत दिन आएँ तो मुझे हटाइए, इन बच्चों को मत हटाइए."

त्या 'बच्चों'मध्ये मी होतो, डोक्यावरचे केस विरळ झालेला. मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. माझ्या पोटासाठी आजवर माझ्या वडिलांखेरीज असं कुणी स्वतःला पणाला लावलेलं नाही.

एक हंगाम मिळाला. आम्ही स्टार काढून टाकले आणि माणसाऐवजी ट्रॉलीचा नंबर लावायची सोय केली: चार नावं, एक दिवस. ताई हंगामभर एकच गोष्ट मोजत राहिल्या, किती ट्रॉल्या आपल्या दिवशी आल्या. आकडा वाईट असला तरी तो सेठजींकडे जायचाच, कारणासकट. सुरुवातीला तो वाईटच होता, तेव्हा सेठजी फोनवर खूप बोलायचे आणि ताई सगळं ऐकून घ्यायच्या. हळूहळू ट्रॉल्या वेळेवर येऊ लागल्या. मग एका दुपारी सेठजींचा फोन आला. ते म्हणाले, "मैडम, आज गेट पर कोई चिल्ला नहीं रहा." आमच्या ऑफिसात त्या दिवशी पेढे वाटले गेले, आणि ते संचालकांनी आणले होते.

नवा करार झाला. सह्या करायच्या आधी सेठजींनी आपल्या मुनीमजींना एक कलम वाढवायला सांगितलं. ते असं, की जोवर हेमलता मॅडम आकडे बघतात तोवर हा करार आपोआप पुढे चालू राहील. संचालकांनी ते आनंदानं मान्य केलं. ताई मात्र संकोचल्या, असं कुठं असतं का म्हणाल्या, पण सेठजी हटले नाहीत.

यंदा ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना आरोग्य लाभो, गुडघे न दुखोत, चष्म्याचा नंबर वाढू नये, हे आम्ही मनापासून मागतोच. पण ताई, तुम्ही शंभर वर्षं ठणठणीत जगावं ही आता नुसती आमची इच्छा राहिलेली नाही. त्यावर मिलवाल्यांच्या सह्या आहेत.